दुसऱ्या दुकानाला मनाई

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या प्रवाशाच्या नजरेतून एक गोष्ट सहसा सुटत नाही. चिक्कीची दुकाने एकाला लागून एक उभी आहेत. माल तोच : गूळ, शेंगदाणा, तीळ, खोबरे. पाट्यांवरील नावेही एकमेकांच्या इतकी जवळची की नवख्याचा गोंधळच उडावा. तरीही उद्या एखाद्या होतकरू माणसाने आणखी एक दुकान थाटायचे ठरवले आणि नगरपरिषदेने त्याला ‘चिक्कीची दुकाने पुरेशी झाली, तुमच्या चिक्कीत निराळे काही दिसत नाही, सबब परवाना नाही’ असे उत्तर दिले, तर त्या उत्तराविरुद्ध ओरड होईल, आणि ती रास्तच ठरेल. कोणाची चिक्की खायची हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते. भेसळ असेल तर अन्नखात्याने पकडावी, दुसऱ्याचे नाव चोरले असेल तर न्यायालयाने दाद द्यावी. परंतु ‘तुमच्यासारखे आधीच आहेत’ हा काही गुन्हा होऊ शकत नाही.

नेमका हाच गुन्हा आज हजारो तरुणांच्या माथी मारला जात आहे, आणि त्याविरुद्ध मोर्चा न्यावा असे कार्यालयही या देशात नाही. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगाव बुद्रुक येथे अभियांत्रिकीचे मोठे शैक्षणिक संकुल आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथील शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले तेथील वसतिगृहांत आणि गावातल्या भाड्याच्या खोल्यांत राहून संगणकशास्त्र शिकतात. नोकऱ्यांचा दुष्काळ असताना अशा मुलापुढे स्वतःच्या हिमतीवर काही करण्याचा जो एक मार्ग दिसतो तो मोबाइलवरील अ‍ॅपचा. त्याला ना जमीन लागते, ना यंत्रसामग्री. एक संगणक आणि रात्रीची जागरणे एवढेच भांडवल पुरते, असे त्याला वर्गात सांगितले जाते. अ‍ॅप तयार झाल्यावर त्याला जे कळते ते वर्गात सांगितलेले नसते. ते असे की, गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचे दरवाजे दोनच आहेत आणि दोहोंच्या किल्ल्या कॅलिफोर्नियात आहेत.

अ‍ॅपल कंपनीचे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे अ‍ॅप्स होती. गूगलचे दुकान त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निराळ्या नावाने सुरू झाले आणि २०१२ पासून ते ‘प्ले स्टोअर’ म्हणून ओळखले जाते. भारतातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक फोन गूगलच्या प्रणालीवर चालतात, त्यामुळे येथील बहुसंख्य जनतेपुरता दरवाजा वस्तुतः एकच आहे. अ‍ॅपलच्या नियमावलीतील ४.३ क्रमांकाचे कलम ‘स्पॅम’ या सदराखाली येते. एकाच अ‍ॅपच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या नावांनी आणू नयेत हा त्याचा पहिला भाग. ज्या प्रकारात गर्दी झाली आहे त्यात नवी भर घालू नये, घालायची तर अनुभव निराळा आणि उच्च दर्जाचा असावा, हा दुसरा. गर्दी झालेल्या प्रकारांची उदाहरणे म्हणून विजेरी, भविष्यकथन, आणि ढेकरा व तत्सम आवाज काढणाऱ्या अ‍ॅप्सची नावे तेथे गंभीरपणे नोंदवलेली आढळतात! गूगलचे ‘पुनरावृत्त मजकुरा’विषयीचे धोरणही याच वळणाचे आहे : जे दुकानात आधीच मिळते तेच पुन्हा देणारे अ‍ॅप चालणार नाही.

या नियमांची आवश्यकताच नाही असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. कचरा खराच आहे आणि तो अफाट आहे. २०२३ या एका वर्षात अ‍ॅपलने सतरा लाखांहून अधिक अर्ज परत पाठवले; पैकी सुमारे दोन लाख अठ्ठेचाळीस हजार स्पॅम, नक्कल किंवा दिशाभूल या कारणांसाठी होते, असे कंपनीच सांगते. त्याच वर्षी गूगलने बावीस लाखांहून अधिक अ‍ॅप्स दाराबाहेर ठेवली. एकच अ‍ॅप शंभर नावांनी दुकानात कोंबून जाहिरातींचे पैसे उकळणारे लोक आहेत. त्याहून भयंकर म्हणजे झटपट कर्ज देणाऱ्या बनावट अ‍ॅप्सचा धंदा. कर्जदाराच्या फोनमधील नावे-नंबर चोरून त्याची नातेवाइकांत बेअब्रू करणाऱ्या या सावकारांनी गरीब माणसांना आत्महत्येपर्यंत नेले. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात अशी बावीसशेहून अधिक कर्ज-अ‍ॅप्स गूगलने काढून टाकल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. ती आधी आत आली कशी, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच. ज्या दारावर प्रामाणिक विद्यार्थी अडतो त्याच दारातून सावकार आत गेला, याचा अर्थ पहारा कडक आहे असा होत नाही. तो आंधळा आहे असा होतो.

आंधळा म्हणण्याचे कारण असे की, ‘तेच’ म्हणजे काय हे यंत्राला कळत नाही. मराठीपुरते बोलायचे तर हरिपाठ, आरत्या, पंचांग, अभंगांची गाथा, स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच या प्रकारांत अ‍ॅप्सची दाटी आहे. त्यातील निम्मी तरी आळशीपणाने उचललेली असतील, हे कबूल. पण समजा, एखाद्या मुलाने ज्ञानेश्वरीचे अ‍ॅप केले. राजवाडे यांनी संपादिलेली प्रत आणि साखरे यांची प्रत यांत पाठभेद आहेत, आणि त्या भेदांवर अभ्यासकांनी आयुष्ये वेचली आहेत. यंत्राच्या लेखी दोन्ही ठिकाणी नऊ हजार ओव्या, नावही तेच, मुखपृष्ठही त्याच रंगाचे, म्हणजे नक्कल! पुण्या-मुंबईच्या छापखान्यांनी शंभराहून अधिक वर्षे हरिपाठाच्या पुस्तिका काढल्या. एकाने काढली म्हणून दुसऱ्याला कागद नाकारण्यात आला नाही. कोणाची अक्षरे मोठी, कोणाची किंमत कमी, कोणाच्या शेवटी दोन आरत्या अधिक. वारीतल्या म्हाताऱ्या माणसाने आपल्याला सोयीची ती घेतली. बाजारातील फार मोठा भाग अशा लहान लहान फरकांवरच चालतो, आणि लहान माणसाला परवडतो तोही एवढाच फरक.

या प्रश्नाची दुसरी बाजू सहकारी चळवळीशी थेट निगडित आहे आणि तिच्याकडे कार्यकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. पतसंस्था, दूधसंस्था, गृहनिर्माण संस्था यांपैकी कोणालाही स्वतःचे अ‍ॅप पदरमोड करून मुळापासून बनवणे परवडत नाही. साहजिकच एखादा लहान व्यावसायिक एक साचा तयार करतो आणि दहा संस्थांना दहा नावांनी देतो. बोधचिन्ह निराळे, सभासद निराळे, हिशेब निराळे. आतील रचना तीच. यात लबाडी कोठे आहे? सर्व संस्थांची खतावणी एकाच छापखान्यातून येत असे, तेव्हा त्या संस्था बनावट ठरत नव्हत्या.

२०१७ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने साच्यातून बनलेल्या अ‍ॅप्सवर सरसकट बंदी घालणारे कलम आणले. त्याचा फटका अमेरिकेतील लहान उपाहारगृहे, प्रार्थनामंदिरे, व्यायामशाळा यांना बसू लागला, तेव्हा तेथील प्रतिनिधिगृहाचे सदस्य टेड ल्यू यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला. वर्ष संपण्यापूर्वी कलम सौम्य झाले : साच्यातले अ‍ॅप चालेल, मात्र ज्याचे दुकान त्याने स्वतःच्या खात्यावरून अर्ज केला पाहिजे, अन्यथा साचा पुरवणाऱ्याने सर्वांना सामावणारे एकच अ‍ॅप काढावे. अमेरिकेतील सेवाभावी संस्थांची वार्षिक फीही माफ झाली. या घटनेतील धडा महत्त्वाचा आहे. लोकप्रतिनिधीने विचारले, तेव्हा कंपनी हलली. मावळातील दूधसंस्थेसाठी असे पत्र लिहिणारा खासदार अद्याप निघायचा आहे.

कारण सौम्य झालेले कलमही येथे किती जड जाते ते पाहा. प्रत्येक संस्थेने स्वतःचे खाते काढायचे, त्यासाठी दरवर्षी ९९ डॉलर भरायचे, आणि आपण खरोखर अस्तित्वात असलेली संस्था आहोत हे सिद्ध करण्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या अमेरिकन कंपनीकडून एक क्रमांक मिळवायचा. गूगलही संस्थांच्या नव्या खात्यांसाठी २०२३ पासून हाच क्रमांक मागते. क्रमांक फुकट मिळतो हे खरे. परंतु प्रश्न पैशांचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निबंधकाने नोंदलेली, दरवर्षी लेखापरीक्षण होणारी, सभासदांची सभा घेणारी संस्था अस्तित्वात आहे की नाही, याचा दाखला परदेशातील खासगी कंपनीने द्यावा आणि निबंधकाचा शिक्का त्यापुढे अपुरा ठरावा, ही गोष्ट कोणत्याही स्वाभिमानी शासनाला खटकायला हवी होती.

व्यक्तीचे खाते काढणाऱ्या विद्यार्थ्याची कथा आणखी निराळी. गूगलची फी एकदाच पंचवीस डॉलर. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांवरून अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी वीस माणसांनी ते सलग चौदा दिवस वापरून पाहिले पाहिजे, असा दंडक आला. डिसेंबर २०२४ मध्ये वीसांचे बारा झाले. वसतिगृहात बारा मित्र मिळणे अवघड नाही, म्हणून हा अडसर कुसगावात फारसा टोचणार नाही. एकट्याने काम करणाऱ्या गृहिणीला किंवा खेड्यातल्या मुलाला तो टोचतो. ज्याला पैसे मोजून बारा माणसे जमवता येतात त्या लबाडाला तो मुळीच टोचत नाही. खरी भीती पुढेच आहे. खाते एकदा बंद झाले की त्याच माणसाचे नवे खातेही चालत नाही, आणि बंद झालेल्या खात्याशी ‘संबंधित’ ठरलेली इतर खातीही बंद होऊ शकतात. संबंध कशावरून जोडला हे सविस्तर सांगितले जात नाही. कारणादाखल येतो तो नियमाचा क्रमांक आणि चार ओळींचा ठरीव मजकूर.

येथे एक जुना दाखला उपयोगी पडावा, आणि तो कुसगावपासून हाकेच्या अंतरावरचा आहे. १८६३ मध्ये भोर घाटातून लोहमार्ग सुरू झाला. हजारो मजुरांच्या प्राणांची किंमत देऊन बांधलेला हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खासगी विलायती कंपनीच्या मालकीचा होता. घाटावरचा कापूस मुंबई बंदरात जलद उतरवायचा तर हीच वाट. म्हणजे आज ज्याला ‘मंच’ म्हणतात तसाच हा एक मंच होता : कंपनीची मालकी, आणि साऱ्या दख्खनचे त्यावाचून अडलेले. अशा कंपनीने एका व्यापाऱ्याचा माल आधी घेतला, दुसऱ्याचा ठेवून दिला, एकाला स्वस्त दर आणि दुसऱ्याला महाग असे केले तर काय होईल, हे ओळखण्याइतके शहाणपण परकीय सरकारपाशीही होते. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमाने कोणालाही गैरवाजवी झुकते माप देण्यास रेल्वे कंपन्यांना मनाई केली. तो कायदा रयतेच्या कळवळ्यातून आला नव्हता, व्यापारी वर्गाच्या सोयीसाठी आला होता. परंतु तत्त्व पक्के होते : ज्या वाटेवाचून समाजाचे चालत नाही त्या वाटेचा मालक सामान्य दुकानदार नसतो, त्याच्यावर सार्वजनिक कर्तव्य येते. पुढे १९२५ मध्ये ही कंपनी सरकारच्या ताब्यात आली. ‘तुमच्या डब्यात कापूसच आहे, आणि कापूस आम्ही पुष्कळ वाहिला’, असे म्हणून माल नाकारण्याची सोय मात्र त्या विलायती कंपनीलाही नव्हती. आज खोपोलीपासून कुसगावपर्यंत आखलेल्या नव्या दुव्यावरही टोल शासनाच्या अधिसूचनेने ठरतो, ट्रकमध्ये कालच्यासारखीच कांद्याची पोती आहेत म्हणून कोणी ट्रक परत फिरवत नाही.

‘या प्रकारात गर्दी झाली आहे’, हे वाक्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे वाटावे. १९५१ च्या कायद्यानंतर औद्योगिक परवाने देताना ‘क्षमता पुरेशी आहे’ या सबबीखाली कित्येक अर्ज फेटाळले गेले. १९९१ पासून या ‘परवानाराज’ची निंदा करण्यात ज्यांची लेखणी थकली नाही, ते अर्थपंडित कॅलिफोर्नियातून चालणाऱ्या परवानाराजाविषयी मूग गिळून आहेत. सरकारी बाबूने ‘पुरेसे आहे’ म्हटले की ती जुलूमशाही, आणि कंपनीच्या यंत्राने म्हटले की ती गुणवत्ता! परंतु समाजवाद्यांनीही त्या इतिहासातील अर्धाच भाग आठवून भागणार नाही. डॉ. आर. के. हजारी यांनी १९६७ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले होते की, एका बड्या उद्योगसमूहाने एकाच मालासाठी अनेक नावांनी अर्ज करून उपलब्ध क्षमता आधीच अडवून ठेवली आणि इतरांना वाव ठेवला नाही. पुनरावृत्ती हे बड्यांचेही शस्त्र असते, ते असे. तेव्हा पुनरावृत्तीविरुद्धचा नियम मुळातच वाईट नाही. बाजार अडवण्यासाठी एकाने शंभर नावे धारण करणे निराळे, आणि पोट भरण्यासाठी शंभर जणांनी तोच व्यवसाय करणे निराळे. पहिल्यावर बंदी हवी, दुसऱ्याला वाट हवी. आजच्या नियमांत दोन्ही गोष्टी एकाच ‘स्पॅम’ या शब्दात कोंबल्या आहेत. आणि शब्दाचा अर्थ ठरवणारा दरवेळी एकच, ज्याची स्वतःची अ‍ॅप्सही त्याच दुकानात विक्रीला आहेत.

नावांचे सारखेपण तपासण्याची व्यवस्था या देशाला नवी नाही. नियतकालिक काढायचे तर शीर्षकाची पडताळणी होते, त्याच भाषेत तेच किंवा फार जवळचे नाव असेल तर ते नाकारले जाते. या पत्रसृष्टीतील कित्येकांनी तो अनुभव घेतला आहे आणि त्या कारभाराविषयी कोणाला फारसे प्रेम नाही. तरीही त्यात दोन गोष्टी आहेत : नियम संसदेच्या कायद्यातून आलेले आहेत, आणि निबंधकाच्या निर्णयांविरुद्ध त्याच्या कार्यालयाबाहेरील अपील मंडळाची तरतूद कायद्यात आहे. १८६७ चा कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा आला, त्यातही अपील मंडळ राहिले. अ‍ॅप-दुकानांपाशी अपील आहे, पण ते त्याच दुकानदाराकडे.

पुनरावृत्तीचे तत्त्व किती पातळ आहे हे १ मार्च २०२४ रोजी दिसून आले. त्या दिवशी गूगलने दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स दुकानातून उतरवण्यास सुरुवात केली. त्यात विवाह जुळवणारी अ‍ॅप्स ठळक होती. धर्मागणिक, समाजागणिक निराळ्या नावाचे अ‍ॅप, असा तो जुना प्रकार. पुनरावृत्तीचे याहून ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही. वर्षानुवर्षे ती सुखेनैव नांदत होती. उतरवली गेली ती पुनरावृत्तीसाठी नव्हे, तर दुकानदाराचे कमिशन न दिल्याच्या कारणावरून. केंद्र सरकारने मध्यस्थी करताच काही दिवसांत ती परत आली. बड्या कंपन्यांसाठी मंत्र्याने फोन उचलला. त्यांच्या बाजूने न्याय होता हे मान्य केले तरी, कुसगावच्या विद्यार्थ्यासाठी तो फोन कोण उचलणार?

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन दंड ठोठावले, एक १,३३७ कोटींचा आणि दुसरा, दुकानातील वसुलीच्या पद्धतीबद्दल, ९३६ कोटींचा. दुसरा दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये सुमारे २१७ कोटींवर आणला. हे सारे वाद कमिशनचे, म्हणजे जे आत आले आहेत त्यांचे. दारात अडलेल्याचा वाद कोणत्याही आयोगापुढे मोठ्या प्रमाणात आलेला नाही, कारण अडलेला माणूस एकटा, तरुण आणि वकिलाची फी न परवडणारा असतो.

तेव्हा संघटनेने काय करावे? प्रथम, जे हातात आहे ते. सहकारी संस्थांच्या तालुका आणि जिल्हा संघांनी एकत्र येऊन एक सामाईक अ‍ॅप काढावे. त्यात सभासदाने आपली संस्था निवडावी. कंपनीचा नियमही याला वाट देतो, खर्च विभागला जातो. यात लहान संस्थेचे नाव फोनच्या पडद्यावर दिसत नाही, आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या हाती नवी सत्ता जाते, ही उणीव आहे. साखर संघाचा इतिहास पाहता ती किरकोळ म्हणता येणार नाही. म्हणून मालकीचा करार आधी, अ‍ॅप नंतर. ज्या कामाला अ‍ॅपची गरजच नाही, दुधाचे दर, सभेची सूचना, पावतीची नक्कल, ते साध्या संकेतस्थळावर करावे. त्याला कोणाच्या दुकानाची परवानगी लागत नाही. सरकारचे स्वतःचे ‘मोबाइल सेवा’ नावाचे अ‍ॅप-दुकान आहे, ते उभारणारी सी-डॅक ही संस्था पुण्यातच आहे. ते शासकीय खात्यांपुरते न ठेवता नोंदणीकृत सहकारी संस्थांना आणि विद्यार्थ्यांना खुले करावे, ही मागणी राज्यातील लोकप्रतिनिधींमार्फत मांडता येण्याजोगी आहे. त्यात उशीर नको. कारण दुकानाबाहेरून बसवल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सच्या कर्त्यांनीही आपल्याकडे ओळख नोंदवली पाहिजे, असे गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले आहे. २०२६ मध्ये काही देशांपासून आरंभ करून पुढे सर्वत्र ते लागू करण्याचा तिचा बेत आहे. आजची मागची वाटही उद्या त्याच नाक्यावरून जाईल.

दुसरी मागणी केंद्राकडे. माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन मंचांच्या निर्णयांविरुद्ध वापरकर्त्यांसाठी तक्रार अपील समित्या निर्माण झाल्या. अ‍ॅप बनवणाऱ्याला तशीच दाद मिळाली पाहिजे. नकाराचे कारण नियमाच्या क्रमांकात नव्हे तर वाक्यांत, आणि अर्जदार मागेल तर मराठीत. कोणत्या अ‍ॅपशी साम्य आढळले त्याचे नाव. ठरावीक मुदतीत माणसाकडून फेरतपासणी. खाते कायमचे बंद करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी. आणि निबंधकाचे नोंदणीपत्र हाच संस्थेच्या अस्तित्वाचा पुरावा. यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. गिरणीतून काढल्या जाणाऱ्या कामगाराला आरोपपत्र आणि चौकशी मिळावी यासाठी या चळवळीने जे मागितले, तेवढेच हे आहे. मावळ तालुक्यातील शाखांनी येत्या महिन्याभरात कुसगाव, लोणावळा, तळेगाव येथील विद्यार्थ्यांकडून आणि संस्थांच्या चिटणीसांकडून नकाराची पत्रे गोळा करावीत. नावे झाकून, तारीख आणि कारण तेवढे ठेवून त्यांची यादी करावी, आणि ती खासदारांच्या हाती अधिवेशनापूर्वी पोचवावी.